भयपटाचं नाव: भूत पाटीवरच दाखवू नका

दहा मिनिटांच्या फिल्मला 'शापित' नाव दिलं की प्रेक्षक पहिल्या सेकंदापासून भुताची वाट बघत बसतो. आणि कॉलेजच्या बजेटमधलं भूत एवढी वाट बघण्याच्या लायकीचं क्वचितच असतं. 'मुंजा', 'हडळ' या नावांचीही तीच गत. मुंजा पिंपळावर असतो हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे फ्रेममध्ये पिंपळ आला की कथा फुटली.

त्यापेक्षा नाव रोजच्या बोलण्यातलं घ्या. 'लपाछपी' हा तर पोरांचा खेळ, पण भयपटाला चिकटला की तोच शब्द अंगावर येतो. समजा, भाड्याच्या फ्लॅटमधली चार मुलं आणि गच्चीवरच्या टाकीत काहीतरी, अशी गोष्ट आहे. 'टाकीतली ती' म्हटलं की शेवट सांगून झाला. 'पाणी पहाटे ४ वाजता' ही मात्र सोसायटीच्या फळ्यावरची साधी सूचना. फिल्म संपल्यावर तीच वेगळी वाचली जाते.

असं नाव शोधायला संहिता घेऊन बसा. तिच्यातल्या वस्तू, जागा, वेळा आणि दोनदा आलेली वाक्यं उतरवून काढा. वीसेक नावं जमली की गोष्ट माहीत नसलेल्या पाच जणांना फोनवर नुसतं नाव सांगा. त्यांनी शेवट ओळखला तर नाव बाद. "काय? परत सांग" म्हणाले तरी बाद.

मग ते रोमन लिपीत लिहून बघा, कारण महोत्सवांच्या फॉर्मवर बहुतेकदा तसंच जातं. तिथे 'ळ'चा 'ल' होतो. 'माळ' या गंभीर नावाचा 'माल' झाला की थिएटरात शिट्ट्या पडतात.

यूट्यूबवरही शोधा. शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय, पण त्याच नावाच्या दहा फिल्म असतील तर तुमची सापडणार नाही.

टायटल कार्डावर रक्त ठिबकणारे फॉन्ट टाळा. ते बहुतेक रोमन अक्षरांपुरतेच असतात, त्यात देवनागरी टाइप केली की चौकोन तरी दिसतात किंवा भलताच फॉन्ट येतो. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. प्रेफरन्सेसमध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) असेल तर ते निवडा. नसेल तर इंकस्केप या मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी टाइमलाइनवर आणा. कार्ड तीन-चार सेकंद पुरे, आणि त्याखाली संगीत नको. टाकीच्या गोष्टीला नळाचं थेंब थेंब चालेल.