बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा: आमच्या दीड एकराचा अनुभव

2021 चा डिसेंबर आमच्या पुणे जिल्ह्यातल्या मंचर भागातले लोक विसरणार नाहीत. 1 आणि 2 तारखेला अवकाळी पाऊस आणि त्यात हाडं गोठवणारा गारठा, जुन्नर-आंबेगाव भागात मेंढपाळांच्या कितीतरी मेंढ्या गारठून गेल्या. माझा दीड एकर बटाटा, कुफरी पुखराज जातीचा, तेव्हा पस्तीस दिवसांचा होता, नुकतीच भर लावलेली म्हणजे बुडाशी माती चढवलेली, पाला असा गच्च की सरी दिसत नव्हती.

पाऊस थांबला पण आभाळ काही हटेना, सकाळी दहापर्यंत धुकं. 5 तारखेला खालच्या कोपऱ्यात, जिथं पाणी साचतं तिथं, पानांच्या कडेला गरम पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग दिसले. मी पान तोडून शेतीच्या औषधांच्या दुकानात नेलं, त्यांनी बघितलं न बघितलं आणि "बुरशी आहे, कार्बेन्डाझिम मारा" म्हणाले. मारलं. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातले डाग पाच-सहा सऱ्या ओलांडून आत आले होते, देठ काळे पडून मोडत होते आणि शेतात शिरलं की कुजकट वास. त्या रात्री खरंच जेवण गेलं नाही, बेण्याचेच पैसे अजून द्यायचे होते.

मग कृषी विज्ञान केंद्रातल्या सरांना फोटो पाठवले. त्यांनी एकच विचारलं, "पानाच्या खालच्या बाजूला काय आहे?" मी वरूनच बघत होतो ना! म्हणाले उद्या दव असताना जा, पान उलटं कर, आणि नसेल दिसत तर दोन पानं ओल्या पेपरात गुंडाळून पिशवीत घालून रात्रभर ठेव. सकाळी गेलो तर डागाच्या कडेनं पांढरी पिठासारखी वाढ, अगदी स्पष्ट. सर म्हणाले हा उशिरा येणारा करपा, तो फायटोप्थोरामुळे होतो, आणि ही खरी बुरशी नाहीच, शेवाळाच्या जवळचा जीव आहे, म्हणून कार्बेन्डाझिम त्याला लागू पडत नाही. लवकर येणाऱ्या करप्यात डागावर गोल गोल वलयं असतात, ती माझ्याकडे नव्हती. हे दुकानात कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, चार दिवस गेले त्यात, आणि या रोगात चार दिवस म्हणजे फार झाले.

त्याच दिवशी डायमेथोमॉर्फ 1 ग्रॅम आणि मॅन्कोझेब 2 ग्रॅम लिटरला, औषध पानाला चिकटून राहावं म्हणून स्टिकर घालून फवारलं. पाठीवरचा पंप बाजूला ठेवून एसटीपी, म्हणजे जास्त दाबाचा मशीनचा पंप आणला, कारण पाल्याच्या आत आणि पानाखाली औषध पोचल्याशिवाय उपयोग नाही, नोझल खालून वर धरायला लावला, पोरं वैतागली पण केलं. आठ दिवसांनी सायमोक्सॅनिल अधिक मॅन्कोझेब 3 ग्रॅमनं. तेच तेच आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारं औषध परत परत मारायचं नाही, मेटालॅक्सिल नावाच्या औषधाचं तसंच झालं, बऱ्याच ठिकाणी रोगाला त्याची सवय लागली. तुषार सिंचन बंद केलं, पाणी फक्त सरीतून आणि तेही दुपारच्या आत.

आणि बांधापलीकडे चुलत्यांचा टोमॅटो होता, तोडे संपत आलेला, फळांवर तपकिरी कडक चट्टे. तोच रोग, दोन्हीला एकच. मी म्हटलं, "तात्या, हा प्लॉट आता उपटू, नाहीतर वारा सगळं माझ्याकडे आणतोय." ते आधी रागावले, शेवटचे दोन तोडे तरी निघतील म्हणत होते, चूक नव्हती त्यांची, त्या वर्षी टोमॅटोला पैसे होते. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच तारा सोडवायला आले आणि आम्ही वेली खड्ड्यात पुरल्या, बांधावर ढीग लावला नाही.

20 तारखेनंतर ऊन पडलं. नवीन शेंडे स्वच्छ आले. खालचा कोपरा मात्र गेला तो गेलाच. जानेवारीत पाला कापून शेताबाहेर काढला आणि बारा दिवस बटाटा तसाच जमिनीत ठेवला, साल पक्की व्हावी आणि पाल्यावरचा रोग काढताना बटाट्याला लागू नये म्हणून. कोपऱ्यातला माल वेगळा काढला, कापला तर सालीखाली तांबूस गंज चढल्यासारखं, तो पोत्यात मिसळला असता तर बाकीचा पण सडला असता.

बाकी माल विकला, बेण्याचे पैसे फिटले. आता नोव्हेंबर-डिसेंबरात आभाळ आलं की सकाळी चहाच्या आधी मी खालच्या कोपऱ्यात जातो, दहा-बारा पानं उलटी करून बघतो आणि मगच घरी येतो.