बहुमतातून चालताना

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. पालख्या पुण्यात यायच्या सुमारास रजा टाकली की कुणीतरी विचारतंच, "तू सगळं तपासून मानणारी, मग वारीला कशी जातेस?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असतं. एकतर तेवढे दिवस मी बुद्धी बाजूला ठेवते, नाहीतर मला नुसतं चालायला आवडतं. दोन्ही खरं नाही. वारीत जेवढा विचार होतो तेवढा माझ्याकडून एरवी होत नाही, आणि तो फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो. एखादी गोष्ट खरी की खोटी, हे ठरवायचं कशावरून?

माझ्या माहेरची, परभणीकडची एक दिंडी माऊलींच्या रथामागे चालते. आळंदीला मी तिच्यात मिसळते, पुण्यातला मुक्काम तिच्याबरोबर करते आणि सासवडहून परत फिरते. पंढरपूरपर्यंत जायची रजा मिळत नाही. आईच्या गावच्या एक मावशी या दिंडीत असतात. नात्यातल्या नाहीत, पण लहानपणापासून मी त्यांना मावशीच म्हणत आले. सत्तरीच्या आसपासचं वय, गळ्यात माळ, आणि चालण्याचा वेग असा की मला मधूनमधून पळावं लागतं.

पाटील इस्टेटपाशी दोन्ही पालख्यांची वाट एक होते. देहूची वाकडेवाडीकडून येते, आळंदीची संगमवाडीकडून. मग फर्ग्युसन रस्ता. एरवी जिथे दुचाकी लावायला जागा मिळत नाही तिथे त्या संध्याकाळी नजर जाईल तिथवर टोप्या, पताका, डोक्यावरची तुळशीवृंदावनं. दोन्ही बाजूंना केळी आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन लोक उभे असतात. याच रस्त्यावर ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकांची देवळं आहेत आणि याच रस्त्यावर ते कॉलेज आहे, जिथे गोपाळ गणेश आगरकर १८९२ पासून १८९५ मध्ये जाईपर्यंत प्राचार्य होते. देव आहे की नाही हे आपल्याला कळू शकत नाही असं म्हणणारा, आणि पटलं नाही ते १८८८ पासून 'सुधारक'मध्ये उघड लिहिणारा माणूस. पुण्यातल्या लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, ते जिवंत असताना. ती काढणारेही पुष्कळ होते, आणि आपण धर्म राखतोय असंच त्यांनाही वाटत असणार.

कॉलेजच्या फाटकासमोर आमची दिंडी थोडी रेंगाळली, तेव्हा विणेकऱ्यांनी तुकोबांचा अभंग घेतला.

सत्य असत्याशी मन केले ग्वाही ।
मानियेले नाही बहुमता ॥

टाळांच्या गजरात मीही म्हणत होते, आणि म्हणता म्हणता अंगावर काटा आला. बहुमत मी मानलं नाही, हे हजारो माणसं एका सुरात म्हणत होती. यात कुणाला विसंगती दिसेल. मला ती दिसत नाही. एवढा मोठा समुदाय आपल्याच विरुद्धचा इशारा सतराव्या शतकापासून तोंडपाठ ठेवतो, दर वर्षी रस्त्यात उभा राहून म्हणतो, असं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पण मनाला साक्षीला उभं केलं की काम संपत नाही. मन हा घरचा साक्षीदार. आपल्याला काय ऐकायचंय ते त्याला आधीच ठाऊक असतं. लॅबमध्ये याचा अनुभव रोज येतो. सकाळी पहिल्या पेशंटचा नमुना लावायच्या आधी आम्ही कंट्रोल लावतो, म्हणजे ज्याचा आकडा आधीपासून माहीत आहे असा नमुना. मशीनने तो बरोबर दिला तरच पुढचं काम. एखाद्या स्लाइडबद्दल शंका आली तर ती दुसऱ्याकडे जाते, आणि पहिल्याने काय मोजलं ते त्याला सांगत नाहीत. सांगितलं की त्यालाही तेच दिसायला लागतं. यात बेइमानी नसते, प्रामाणिक डोळ्यालाही हवं ते दिसतं. बाहेर मात्र आपण नेमकं उलटं वागतो. व्हॉट्सॲपवरची गोष्ट पाच जणांनी पाठवली म्हणून ती आपल्याला खरी वाटते, आणि त्या पाचही जणांकडे ती एकाच ठिकाणाहून आलेली असते. एका रिपोर्टच्या पाच झेरॉक्स काढल्या म्हणून पाच तपासण्या होत नाहीत. हे मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण आज आपल्यातली निम्मी भांडणं झेरॉक्स मोजून चाललेली आहेत.

पुण्यात माऊली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात मुक्कामाला असतात, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाकडे. आमची दिंडी एका शाळेत उतरते. वर्गातल्या प्रत्येक प्लगभोवती फोनचा घोळका, बाकांवर वाळत घातलेली लुगडी, फळ्यावर कुणीतरी खडूने काढलेला विठोबा. मुक्कामाच्या दिवशी मावशींना ओंकारेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं, म्हणून आम्ही पेठांमधून चालत गेलो. देवळाजवळच्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे. त्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मी मावशींना ते सांगितलं.

"म्हणजे ते वारी बंद करणारे?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. गावात ऐकलं होतं तसं बोलल्या.

दाभोलकर ज्यासाठी झटत होते ते जादूटोणाविरोधी कायद्याचं विधेयक वर्षानुवर्षं रखडलं, तेव्हा त्याविरुद्ध हेच पसरवलं गेलं होतं. कायदा झाला की वारी बंद, कीर्तन बंद, माळकऱ्यांना धरून नेणार. खुनानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला, डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. वारी चालू आहे आणि ती अफवाही चालू आहे. मी पुलावरच फोनवर कायदा काढला. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मावशींना ते वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत.

मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. मुक्कामावर परतल्यावर त्यांनी दिंडीतल्या एका शाळकरी मुलीला हाक मारली, माझा फोन मागून घेऊन तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "यात वारीचं, भजनाचं काय लिवलंय ते वाच." मी काय वाचलं होतं ते तिला सांगितलं नाही. मी तोंड उघडणार तोच मला हाताने गप्प केलं. मुलगी अडखळत वाचत गेली. तो भाग आला तेव्हा मावशींनी तिला तो परत वाचायला लावला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरुबर सांगितलंस."

मुलगी वाचायची थांबली नव्हती. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरी उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा या कायद्याने गुन्हा आहे, तिथवर ती आली.

"हे कधीपासून?" मावशींनी विचारलं. मी साल सांगितलं.

त्यांच्या दिराच्या मुलाला त्याच्या कितीतरी आधी, रात्री रानात पाणी देताना घोणस चावली होती. त्याला मारुतीपुढे निजवलं. सगळं गाव जमलं होतं, मावशी सांगत होत्या, सगळं गाव. एकाने गाडी जुंपतो म्हटलं, तर त्याला बाकीच्यांनी दाबलं. सकाळी पोराच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा तालुक्याला नेलं. तोवर उशीर झाला होता. गाडी जुंपतो म्हणणारा तो एकटा माणूस अजून आहे, आणि मावशी दर दिवाळीला त्याच्या घरी फराळ पाठवतात.

घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला मोठं मशीन लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलीलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग ती तिरकी करून बघायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय, प्रतिविष द्यायला हवं. ही तपासणी मी केलेली आहे. ती वीस मिनिटं सरता सरत नाहीत. नातेवाईक दाराशी उभे असतात. मी मनात माऊली, माऊली म्हणत असते, आणि नळीला हात लावत नाही. माझ्या म्हणण्याने रक्त गोठणार नाही हे मला ठाऊक असतं, तरी म्हणणं थांबत नाही. वारीला कशी जातेस, याचं मला देता येईल असं उत्तर एवढंच आहे. माझं म्हणणं मला तिथे उभं राहायचं बळ देतं. निकाल नळी देते. या दोन कामांची अदलाबदल करायची नाही, एवढी काळजी मी घेते.

पुणे ते सासवड हा लांबचा टप्पा. हडपसर मागे पडलं की पाय बोलायला लागतात आणि दिवे घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढावर मावशींनी एकदम विचारलं, "तुझ्या मतानं गाथा तरली का नाही?"

मी पुण्यात नेहमी ऐकू येणारं उत्तर दिलं. गाथा लोकांच्या तोंडी होती, लोकांनी ती पाठ केली होती, म्हणून ती तरली.

मावशी एक वळण चढेपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी बुडाली म्हण की. गोल गोल कामून बोलतीस?"

तेव्हा मी सरळ सांगितलं. वह्या बुडवायला लावल्या हे मी मानते. तेरा दिवस नदीत राहून त्या कोरड्या वर आल्या, असं घडलं असेल हे मला पटत नाही.

"हां. मी मानते," त्या म्हणाल्या. "तुकोबानंच सांगितलंय, उदकात कागद राखले म्हणून. ते खोटं बोलतील का?"

याला भाबडेपणा म्हणायची माझी तयारी नाही. आपल्याकडे न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानली. भरवशाच्या माणसाचा शब्द हे त्यातलं एक. मावशी शब्दावर उभ्या होत्या, मी अनुमानावर. आणि मीसुद्धा बहुतेक गोष्टी शब्दावरच मानते. प्रतिविष कसं तयार होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. फरक एवढाच की तो शब्द कुणालाही पुन्हा तपासून बघता येतो, आणि खोटा ठरला तर मागे घेतला जातो. इंद्रायणीच्या त्या तेरा दिवसांपाशी आज कुणालाच जाता येत नाही. हेही मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला जाता येत नाही, मला येतं," आणि टाळ वाजवायला लागल्या. आमचं तिथे पटलं नाही आणि पुढेही पटणार नाही.

तो वाद तसाच राहिला तरी मला चालतो. गाथा तरली असं मावशींनी मानलं, त्याची किंमत दुसऱ्या कुणाला द्यावी लागत नाही. पण आम्ही ज्या पांडुरंगाकडे निघालो होतो त्याच्या देवळाची गोष्ट वेगळी. काही माणसांच्या शिवण्याने देव विटाळतो, हे तिथे शतकानुशतकं बहुमताने खरं होतं. चोखोबा बाहेर, देव आत. ते दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. मारुतीपुढे निजवलेला तो मुलगाही मी याच रांगेत धरते. जिथे मानणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा, तिथे "ज्याची त्याची श्रद्धा" म्हणून मी बाजूला होणार नाही. विचारीन, वाचून दाखवीन, दुसऱ्याकडून वाचून घ्यायला सांगीन.

सासवडला राहुटीत पोहोचल्यावर पाय शेकता शेकता मावशींनी बायकांना गोळा केलं आणि मला साप चावल्यावर काय करायचं ते सांगायला लावलं. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, प्रतिविष तिथे फुकट मिळतं. एकीने विचारलं, मारुतीला नारळ फोडला तर चालेल का. "माणूस दवाखान्यात पोचला की फोड," मावशी म्हणाल्या. मग गावात रात्री-अपरात्री गाडी कुणाकडे मिळते, कोण पैसे न विचारता काढतो आणि कोण नाही, यावर बायकांचं बोलणं सुरू झालं. ते बराच वेळ चाललं.