पाव हिस्सा आपला

शुक्रवारी दुपारी मिशिगनमधल्या कँटनच्या देशी दुकानात रांगेत उभे होतो. माझ्या हातात मेथीच्या जुड्या, नवऱ्याच्या एका हातात पोह्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन. एकाएकी तो ओरडला, "गेला! आत गेला!"

मागचे काका दचकले. मग सावरून त्यांनी विचारलं, "कोणाची विकेट?"

"विकेट नाही काका, गोल. क्विनिपिऍकनं केला."

काकांनी "वा, वा" म्हटलं. आपला माणूस आहे, खूश आहे, एवढं त्यांना पुरलं.

आता गंमत अशी की क्विनिपिऍक हे कनेक्टिकटमधलं विद्यापीठ, आणि माझ्या नवऱ्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. उलट एरवी त्यांचं नाव निघालं की तो नाक मुरडतो. आमच्या घरातलं दैवत म्हणजे मिशिगन टेक, नवऱ्याच्या विद्यापीठाचा बर्फावरच्या हॉकीचा संघ. पण मार्चचा तिसरा आठवडा लागला की राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रवेशाच्या काठावर असलेल्या संघाच्या भक्ताला आपलं दैवत बाजूला ठेवून भलभलत्यांना नवस बोलावे लागतात. क्विनिपिऍक जिंकायला हवं, डेन्व्हर जिंकायला हवं, बोस्टन कॉलेजही जिंकायला हवं. आपला संघ आठवडाभरापूर्वी हरून घरी बसलेला असतो. आता जे काही करायचं ते इतरांनी.

हिशेब सोपा आहे. म्हणजे नवरा सोपा आहे म्हणतो. कॉलेजच्या बर्फावरच्या हॉकीत पुरुषांचे पहिल्या श्रेणीचे साठावर संघ. राष्ट्रीय स्पर्धेत जागा 16. सहा कॉन्फरन्सच्या, म्हणजे संघांच्या गटांच्या, सहा विजेत्यांना थेट प्रवेश आणि उरलेल्या दहा जागा निव्वळ आकड्यांवर. निवड समिती आहे, पण तिला शिव्या घालायची सोय नाही, कारण ती फक्त आकडे वाचून दाखवते. कुणाचा भाचा आत गेला, मुंबईवाल्यांनी कुणाला कापलं, असल्या चर्चेत वाढलेल्या माझ्यासारखीला हे जरा अळणीच वाटतं. रविवारी टीव्हीवर नावं जाहीर होतात तेव्हा खऱ्या भक्तांना ती आदल्या रात्रीच पाठ असतात. प्रश्न एवढाच उरतो की पहिल्या सामन्याला जायचं कुठे, ऍलनटाउन की फार्गो.

खरी मजा त्या आकड्यांच्या पोटात. कित्येक वर्षं पेअरवाइज नावाची पद्धत होती. प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशी जोडी लावायची आणि कोण सरस ते ठरवायचं. त्यात सगळ्यात वजनदार होता एक निर्देशांक. त्यात तुमच्या स्वतःच्या जय-पराजयाला 25 टक्के. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या कामगिरीला 21. आणि ते ज्यांच्याशी खेळले, त्यांच्या कामगिरीला 54. म्हणजे तुमच्या मुलाचा दहावीचा निकाल निम्म्याहून जास्त शेजाऱ्याच्या शेजाऱ्याच्या मुलावर अवलंबून. तो मुलगा कोण, कुठे राहतो, तुम्हाला पत्ता नाही, पण त्यानं भूमितीत माती खाल्ली की तुमच्या घरी पेढे येत नाहीत.

त्यामुळेच रात्री अकरा वाजता हा माणूस अलास्कातल्या सामन्याचा स्कोअर बघत बसतो. मी विचारलं, अलास्काचं तुला काय पडलंय? तर म्हणे, आपण ज्यांच्याशी खेळलो ते त्यांच्याशी खेळलेत. मी पुढे विचारलं नाही.

हे वेड त्याला हॉटनमध्ये लागलं. मिशिगनच्या वरच्या भागातून एक चिंचोळा सुळका सुपीरियर सरोवरात घुसतो, तिथलं हे गाव. एके काळी तांब्याच्या खाणींचं. आमच्या घरापासून गाडीनं नऊ-एक तास, आणि तेही त्याच राज्यात. मिरजेचा मुलगा, बर्फ पाहिलेला फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर, एमएस करायला 2010 च्या ऑगस्टमध्ये तिथे पोचला. त्या मोसमात टेकचा संघ 38 सामने खेळला. जिंकले 4. बरोबरीत सुटले 4. उरलेले मोजायला तुम्हाला कागद लागणार नाही. मी त्याला म्हणते, लोक जिंकणाऱ्या संघाच्या प्रेमात पडतात, तू कशाच्या पडलास? त्याचं उत्तर दरवेळी वेगळं. कधी म्हणतो, बाहेरच्यापेक्षा आत ऊब होती. कधी म्हणतो, बँड. तिथल्या बँडची पोरं पट्ट्यापट्ट्यांचे ओव्हरऑल घालून असा काही दंगा करतात म्हणे, की आपण 0–5 असे मागे आहोत हे विसरायला होतं. रिंकला नाव जॉन मॅकइनस यांचं. त्यांनी प्रशिक्षक म्हणून टेकला तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, 1962, 1965 आणि 1975 साली. म्हणजे नवऱ्याच्या जन्माआधीच सगळं वैभव संपलेलं. 1981 नंतर राष्ट्रीय स्पर्धेचं तोंड पाहिलं ते थेट 2015 ला.

त्या 2015 च्या मार्चमध्ये पाडवा नेमका शनिवारी, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यांच्या दिवशी आला. गुढीला साडी नेसवणारा नवरा आणि बंद करा तो फोन म्हणणारी मी, एवढंच सांगते. श्रीखंड चांगलं झालं होतं. पुढच्या आठवड्यात टेक फार्गोला गेलं आणि पहिल्याच सामन्यात सेंट क्लाउड स्टेटकडून जादा वेळेत हरलं. दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

मला याचं फारसं नवल कधी वाटलं नाही, कारण मी शारजा पाहून आले आहे. म्हणजे नाशिकला, पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत, आमच्या बैठकीच्या खोलीत.

एप्रिल 1998. परीक्षा संपलेली. ऑस्ट्रेलियानं 284 केलेले. जिंकलो तर प्रश्नच नव्हता, पण बाबांचा जिंकण्यावर विश्वास नव्हता. बाबा इंजिनियर. त्यांचा विश्वास भागाकारावर. फायनलला जायचं तर न्यूझीलंडपेक्षा आपला रनरेट वर राहायला हवा, आणि त्यासाठी जिंकण्याची गरज नाही, 254 पुरेत, हे ते टीव्हीवरच्या माणसाच्या आधी सांगत होते. कालनिर्णयाचं मार्च महिन्याचं पान फाडून त्याच्या मागे त्यांनी रकाने आखले होते. दर षटकानंतर आकडा. शेजारचे दोघे-तिघे आमच्याकडे टीव्ही बघायला नव्हे, ते पान बघायला आले होते असं मला आठवतं. आई आतून चहा पाठवत होती आणि दर वेळी विचारत होती, "जिंकतोय का?" बाबा म्हणत, "तो मुद्दाच नाही."

मग वाळूचं वादळ आलं. खेळाडू मैदानावर आडवे झाले, आणि बाबा मात्र उठून बसले. षटकं कापली जाणार, म्हणजे सगळा हिशेब नव्यानं. पेन्सिलीला टोक काढून त्यांनी पुन्हा रकाने आखले. वादळ ओसरल्यावर जाहीर झालं की 46 षटकं, जिंकायला 276, फायनलला 237. बाबांचा आकडा वेगळा आला होता. "यांचं चुकलंय," ते शांतपणे म्हणाले. आपलं चुकलं असेल ही शक्यता त्यांनी तेव्हाही विचारात घेतली नाही आणि नंतरही नाही.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे, ते मी सांगत नाही. मला आठवतंय ते 237 ओलांडल्यानंतरचं. वसाहतीत आरडाओरडा झाला, कुणीतरी पोरांना घेऊन रस्त्यावर आलं, आणि बाबा चिडले. का, तर तेंडुलकर अजून मारतच होता! "झालं ना काम? आता कशाला उगाच? परवा फायनल आहे, जपून खेळ की." तो 143 वर बाद झाला, आपण 26 धावांनी हरलो, आणि फटाके वाजले. आई बाहेर आली. "हरलो ना? मग फटाके कसले?"

"हरलो," बाबा म्हणाले, "पण न्यूझीलंडपेक्षा कमी हरलो."

न्यूझीलंडमध्येही त्या रात्री कुणीतरी रकाने आखून बसलं असेल, हे आमच्या वसाहतीत कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. ते आलं फार उशिरा, इथे, हॉकीमुळे.

कारण या जर-तरच्या खेळात मला एक गोष्ट काही केल्या पचत नाही. टेक म्हणजे लहान संघ. लहान गाव, आडबाजूची शाळा. आम्ही वर्षभर लहानांच्या बाजूचे. डेट्रॉइटच्या मंडळात निम्मे लोक ऍन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाचे, नऊ राष्ट्रीय विजेतेपदंवाले, आणि त्यांच्यासमोर छाती काढून टेकचा टीशर्ट घालून फिरायचं हा आमचा बाणा. पण त्या एका शनिवार-रविवारी नियम उलटा. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये बलाढ्य संघच जिंकायला हवा, कारण तो तसाही आत आहे. कुणी लिंबूटिंबू जिंकलं तर ते विजेते म्हणून आत येणार आणि काठावरचा एक बाहेर जाणार. म्हणजे सोफ्यावर बसून आपल्यासारख्याच एखाद्या आडगावच्या संघाच्या पराभवाची वाट बघायची. श्रीमंतांनो, तुमचं भलं होवो!

2022 ची मिनेसोटातल्या मँकेटो गावची गोष्ट घ्या. त्या वर्षी आमच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मिनेसोटा स्टेट आणि बेमिजी स्टेट. मिनेसोटा स्टेट देशातल्या अव्वल संघांपैकी, तसेही आत. बेमिजी जिंकली तरच आत. आणि आठवडाभर आधी याच बेमिजीनं आम्हाला घरी पाठवलं होतं, तेव्हा सुडाचीही सोय होती. सामना जादा वेळेत गेला, मिनेसोटा स्टेटनं गोल केला, हस्तांदोलनं झाली, करंडक दिला, लोक घरी निघाले. आमच्याकडे आमटीला फोडणी पडली. आणि मग कळलं की कुणीतरी वेगळ्या कोनातून व्हिडिओ बघितला, तर पक, म्हणजे हॉकीची चकती, समोरून नव्हे, जाळीच्या बाजूनं, खालून आत शिरलेला. तासाहून जास्त वेळ गेलेला होता. दोन्ही संघांना परत बूट चढवून बर्फावर आणलं. रिकाम्या होत आलेल्या रिंकमध्ये पुन्हा खेळ सुरू.

नवरा हात जोडून उभा. "फक्त एक, मिनेसोटा, फक्त एक." मी त्याच्या शेजारी उभी राहून मनात म्हणत होते, बेमिजी, घाल एकदाचा. ज्यांचा निकाल लागून गेला, ज्यांनी घामेजलेले कपडेही उतरवले, त्यांना देव असा परत बोलावतो का कधी? मग त्यांच्यासाठी नको का व्हायला? नाही झालं. मिनेसोटा स्टेटनं पुन्हा गोल केला, या वेळी नीट समोरून, आणि नवऱ्यानं मला मिठी मारली. मी पण मारली. मनातलं सांगायची ती वेळ नव्हती.

हे सांगितलं तर तो येलचं उदाहरण देतो. 2013 साली येल आपल्या कॉन्फरन्सच्या शेवटच्या दोन सामन्यांत 0–5 आणि 0–3 असं हरलं. एक गोलसुद्धा नाही. आता भवितव्य कुणाच्या हातात? तर आमच्या डेट्रॉइटमध्ये चाललेल्या एका सामन्याच्या, ज्यात येल नाहीच. मिशिगन विरुद्ध नोत्र दाम. मिशिगन जिंकलं तर ते आत, येल बाहेर. नोत्र दाम जिंकलं, मिशिगनची सलग 22 वर्षांची हजेरी तुटली, मंडळातल्या कित्येकांच्या घरी सुतक, आणि येल शेवटच्या दारानं आत. आत येऊन त्यांनी काय केलं? मिनेसोटाला हरवलं, नॉर्थ डकोटाला हरवलं, लोवेलला हरवलं आणि अंतिम सामन्यात शेजारच्या गावच्या क्विनिपिऍकला 4–0. त्याच क्विनिपिऍकनं मोसमात त्यांना तीनदा हरवलं होतं. "बघ," नवरा म्हणतो, "म्हणून आत जाणं महत्त्वाचं. कसं गेलो ते नंतर कुणी विचारत नाही."

पटतं. पण याच गोष्टीत मिशिगनचा भक्त मला जास्त दिसतो. आपला संघ कुठे चुकला नसता तर काय, याचा हिशेब त्यानं किती वर्षं केला असेल.

एकदा फोनवर नवऱ्यानं बाबांना ते 25-21-54 समजावून सांगितलं होतं. बाबांनी दोनदा आकडे सांगायला लावले, लिहून घेतले असावेत. दुसऱ्या दिवशी नाशिकहून त्यांचाच फोन.

"54 फार होतात. तिसऱ्याच्या कामगिरीला इतकं वजन? सूत्रच सदोष आहे. तुमच्या ओळखीचं कुणी आहे का त्या समितीत?"

नवरा म्हणाला, "नाही बाबा."

"बघा कुणी सापडतं का."

आता पेअरवाइज गेलं. त्याच्या जागी एनपीआय नावाचं नवं सूत्र आलं. नवऱ्यानं मोठ्या उत्साहानं बाबांना कळवलं. पलीकडून जराही आश्चर्य नाही.

"मी सांगितलंच होतं," बाबा म्हणाले. "शारजाचं मात्र अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही."