उन्हाळ्यात आंबा घाट आणि विंडशील्डखालची दोन सेंटीमीटरची फट

एप्रिल-मेमध्ये बाईकवरनं कोकणात उतरणाऱ्याला कोल्हापुरात शहाणा म्हणत नाहीत. तरी जाणारे जातात, कारण आंबा त्याच दिवसांत असतो आणि सुट्ट्याही त्याच दिवसांत. आमचा फेरा ठरलेला: शिवाजी पुलावरून वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. एक मुक्काम. येताना राजापूर, खारेपाटण, तळेरे, वैभववाडी आणि करूळ घाट चढून गगनबावडा. जाताना घाटमाथ्याची कोरडी हवा, खाली कोकणातली चिकट हवा, येताना हायवेचं काँक्रीट आणि पुन्हा घाट. विंडशील्ड नीट बसलंय की नाही हे तपासायला यापेक्षा चांगला रस्ता आपल्या जवळपास नाही.

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११. तिच्यावर बाहेरून घेतलेली उंच टूरिंग काच. डिसेंबरात पहाटे पुण्याला जायला ही काच म्हणजे सुख. मार्चनंतर मात्र तिच्यामागं बसलं की छातीवर वारा नावालाही नाही, जॅकेट आतून ओलं, आणि ७०-७५ च्या पुढं हेल्मेट मात्र गदागदा हलतंय. वारा लागत नाही आणि डोकंही शांत नाही, असा दुहेरी तोटा.

बरेच जण यावर एकच उपाय सांगतात, काच कापून टाका. मला तो घाईचा वाटतो. कारण कळायला वारा काचेवर काय करतो ते बघायला लागतं. समोरून येणारी हवा काच चढून वरच्या कडेवरून सुटते. काचेच्या मागं, म्हणजे आपल्या पोटा-छातीसमोर, हवेचा दाब कमी झालेला असतो. वरून सुटलेली हवा मग त्या पोकळीत ओढली जाते, भोवरे करत खाली वळते आणि वाटेत आपलं हेल्मेट असतं. हलतं ते यामुळं. काच आखूड केली तर भोवरे हेल्मेटऐवजी गळ्यावर येतात, एवढाच फरक. त्यापेक्षा खालून थोडी हवा आत सोडली की मागची पोकळी भरते, वरची हवा सरळ डोक्यावरून निघून जाते आणि छातीला वाराही लागतो. मोठ्या टूरिंग गाड्यांच्या काचेत खाली खिडकी ठेवतात ती याचसाठी.

आपल्या गाडीचं दुखणं नक्की कुठलं, ते फुकटात कळतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर ७० च्या आसपास फुटपेगवर जरा उभं राहा, मग हळूच बसून मान खाली घाला. उभं राहिल्यावर आवाज आणि हिसके एकदम थांबले तर वरची हवा स्वच्छ आहे, भोवरे काचेच्या कडेचेच आहेत. याहून पक्की तपासणी हवी असेल तर लोकरीचे वीतभर धागे काचेच्या आतल्या बाजूला, टाकीवर आणि हेल्मेटच्या कडेला चिकटपट्टीनं लावा आणि शेजारच्या गाडीवर मागं बसलेल्याला मोबाईलवर शूटिंग करायला सांगा. माझ्या काचेच्या आतले धागे चक्क पुढच्या दिशेला, काचेकडं तोंड करून उडत होते. म्हणजे काचेमागची हवा उलटी फिरत होती. असं दिसलं की खालून वाट द्यायची.

ही वाट द्यायला काचेला भोकं पाडायची गरज नाही. काच ज्या बोल्टवर बसते तिथं स्पेसर, म्हणजे मधे भोक असलेले जाड तुकडे, घालून तिला पुढं सरकवली की खाली फट तयार होते. लेथ-वर्कशॉपांचं उद्यमनगर आपल्या दारात असताना स्पेसर ऑनलाइन मागवणं हा कोल्हापूरकराला शोभणारा प्रकार नव्हे. नायलॉनचा रॉड घेऊन मी एका लेथवर गेलो.

"मामा, यातनं चार स्पेसर टर्न करून मिळतील काय?"

"मिळतील की. पर लांब बोल्ट घालणार न्हवं? आत किती आटे गावतील ते बघितलंसा काय?"

हा प्रश्न लाखाचा आहे. स्पेसर २० मिलिमीटरचा घातला तर बोल्टही तेवढाच जास्त लांब लागतो, आणि आत किमान बोल्टच्या जाडीइतके आटे धरले पाहिजेत. म्हणजे ५ मिलिमीटरच्या बोल्टला ५ मिलिमीटर तरी. जुना बोल्ट काढून, त्याची लांबी मोजून, त्यात स्पेसर आणि वॉशर मिळवून मगच स्टेनलेसचे ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) घ्यायचे. फार लांब घेतला तर तो मागं कुठल्या तरी वायरिंगवर टेकतो.

मामांनी खालचे दोन २० चे आणि वरचे दोन १० चे काढून दिले. वर-खाली सारखे का नकोत, तर खालची बाजू जास्त पुढं आली की काच थोडी मागं झुकते, वाऱ्याला आडवी येत नाही आणि खालचं तोंड मोठं उघडतं. भोकांच्या रेषा किंचित तिरक्या होतात, म्हणून दोन्ही बाजूंना रबरी वॉशर घालायचे, ते तेवढा तिरकेपणा सामावून घेतात. "काचंला ताण बसंल असं आवळू नगासा," हे मामांचं शेवटचं वाक्य. हातानं बसेल तेवढं, मग पाव आटा. बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लॉक करणारं द्रावण लावायची कुणाची सवय असेल तर इथं ती सोडा. पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे चिवट प्लॅस्टिकच्या, काचेला ते लागलं की बारीक तडे जातात. नायलॉनची रिंग असलेला नट वापरा. रॉड, लेथकाम आणि बोल्ट मिळून तीन-चारशेत काम झालं.

ज्यांना भोकं पाडल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी आधी काच कसली ते ओळखावं. ॲक्रिलिक कडक आणि ठिसूळ असतं, साधं ड्रिल बिट शेवटच्या क्षणी आत खेचलं जातं आणि तडा जातो. पायऱ्यांचं स्टेप बिट, कमी वेग, मागं लाकडाची फळी, वर मास्किंग टेप. पॉलिकार्बोनेट चिवट, पण चरे लवकर पडतात. भोक दोन्हीत बोल्टपेक्षा मोठंच हवं. ४० सेंटीमीटरची पॉलिकार्बोनेटची काच ३० अंश तापली की पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढते. भोक गच्च असेल तर ती वाढ जिरणार कुठं? भोकाच्या कडेलाच तडा दिसतो. वरची कड कापलीच तर पाणी लावून ४०० आणि मग ६०० च्या पॉलिश पेपरनं गोल करा. आणि एवढी उंची ठेवा की बसल्यावर नजर काचेच्या वरून, चार बोटं मोकळी जाईल. काचेतून बघत रात्री घाट उतरणं, तेही समोरून ट्रकचे हेडलाइट येत असताना, धोक्याचं आहे.

आता रस्ता. पहाटे साडेपाचच्या आत शिवाजी पूल ओलांडा. वाघबीळपर्यंत उजाडतं, पन्हाळ्याकडचा डोंगर डावीकडं दिसायला लागतो, आणि बांबवड्यापर्यंत ऊन अंगावर यायच्या आत अर्धी सपाटी संपते. या रस्त्यावर रुंदीकरणाची कामं आणि डायव्हर्जन असतात, धूळ भरपूर. खालच्या फटीतून ती धूळही थेट छातीवर येते, हे मान्यच करायला पाहिजे. मफलर किंवा बफ गळ्याशी ठेवा.

मलकापूरच्या आधीच्या सरळ पट्ट्यात फरक पहिल्यांदा जाणवला. ६० ला छातीवर मंद, सलग झुळूक. ८० ला हेल्मेट जवळजवळ स्थिर, आणि हनुवटीचा व्हेंट उघडल्यावर आत खरोखर हवा आली. ९५ च्या पुढं थोडी थरथर राहतेच. वेग दीडपट झाला की वाऱ्याचा जोर सव्वादोन पट होतो, त्यामुळं ६० ला चांगली वाटणारी काच ९० ला चांगली असेलच असं नाही. तपासणी तुम्ही ज्या वेगानं चालवता त्याच वेगाला करा.

घाटाच्या तोंडाशी आंबा गावात चहा घ्या, पाणी भरून घ्या, पण रेंगाळू नका. घाट उतरताना काचेचा काही उपयोग नाही. तीस-चाळीसच्या वेगात वाराच नसतो, आणि इंजिनाची ऊब नडग्यांवर येते ती कुठल्याही स्पेसरनं जात नाही. वळणांवर समोरून येणाऱ्या एसटीला जागा द्या, घाम पुसायला थांबायचं तर रुंद जागा बघा.

साखरप्याला उतरल्यावर खरी गंमत सुरू होते. घाटमाथ्यावर आपण गळ्यात ओला पंचा बांधतो, तो वाळतो आणि गारवा देतो. कोकणात तोच पंचा पालीपर्यंत तसाच ओला आणि वर कोमट. हवेतच इतका दमटपणा असतो की घाम उडत नाही. म्हणजे वर थोडी हवा पुरते, खाली भरपूर लागते. हातखंब्याच्या अलीकडं एका सावलीत थांबून मी खालच्या स्पेसरमागं आणखी वॉशर घालून फट वाढवली, तेव्हा कुठं बरं वाटलं. म्हणून दोन-चार जाड वॉशर आणि ॲलन की टँक बॅगेत असू द्या.

उलट चूक घाटमाथ्यावर होते. दुपारी पारा ३८ वर असताना काच काढून टाकून नुसत्या टी-शर्टवर निघणारे भेटतात. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून गरम असेल तर वारा अंग गार करत नाही, तापवतो. गारवा फक्त घामाचा, आणि सुसाट वाऱ्यात तो घाम कळायच्या आत उडून जातो. तासाभरात डोकं दुखायला लागतं ते यामुळं. मेश जॅकेट, आत पातळ सुती बनियन, काचेखालून मोजकी हवा आणि दर पाऊण तासाला पाणी. तहान लागायची वाट बघू नका. लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस बरोबर असावं. कोकणात कोकम सरबत जागोजागी मिळतं, ते प्यायला निमित्त लागत नाही.

रत्नागिरीत गाडी उन्हात लावताना एक बघा. वाकलेली काच भिंगासारखी ऊन गोळा करते आणि कोन जुळला तर मीटरच्या प्लॅस्टिकवर डाग पडतो. फडकं टाकून ठेवा. समुद्रकाठची खारी चिकट हवा आणि किडे रात्रीत काचेवर बसतात. सकाळी ओलं फडकं दहा मिनिटं पसरून ठेवायचं, मग अलगद उचलायचं. घासायचं नाही. पंपावरचा पोरगा प्रेमानं काच पुसायला येतो, त्याच्या हातातलं फडकं पेट्रोल-डिझेलचं असतं. त्याला थँक्यू म्हणा आणि थांबवा. अमोनिया असलेला काचेचा स्प्रेही पॉलिकार्बोनेटला चालत नाही.

परतीला राजापूरच्या पुढं चौपदरी काँक्रीट लागतं आणि दुपारी ते खालून भाजतं. इथं ९० ला काच नीट वागली. एक मात्र कळलं. ट्रकच्या मागं राहिलं की फट असो नसो, हवा पुन्हा फिरायला लागते. तो गाडीचा दोष नव्हे, ट्रकनं ढवळलेली हवा आहे. तिथं सेटिंग बदलत बसू नका, सुरक्षित जागा बघून पुढं जा किंवा अंतर ठेवा. तळेऱ्याला वळून वैभववाडीत पेट्रोल बघून घ्या आणि करूळ घाटाची स्थिती कुणा एसटीवाल्याला विचारूनच चढा. बंद असेल तर भुईबावडा घाट आहे, अरुंद पण देखणा.

गगनबावड्याच्या पुढं साळवणच्या अलीकडं वळवानं गाठलं. चार वाजेपर्यंत कडक ऊन, आणि पाच मिनिटांत टपोरे थेंब. तेव्हा फटीतून पाणी सरळ पोटावर आणि मोबाईलच्या होल्डरवर आलं, पुढच्या चाकाचा चिखलही. वरून काच कितीही उंच असली तरी खालून झोडपणं चुकलं नाही. कळे गावात थांबून दुकानातून दारांना लावतात तसली रबरी पट्टी घेतली आणि फटीत दाबून बसवली. कोल्हापूरपर्यंत ती हलली नाही.

आता ती पट्टी फटीच्या मापानं कापून सीटखाली ठेवली आहे. तुम्हीही निघायच्या आधीच कापून ठेवा, मेमध्ये वळीव सांगून येत नाही. जूनमध्ये स्पेसर काढून जुने बोल्ट लावायचे, आणि स्पेसर डबीत टाकताना खालचे कुठले, वरचे कुठले ते मार्करनं त्यांच्यावरच लिहायचं.