तो तिचा मुलगा होता का?

डेन्मार्कच्या मार्गरेटे राणीपुढे आणलेला तो तोतया तिचाच मुलगा होता का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. एकदाच नीट लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देता येईल.

एकवीस वर्षं झाली मी डेन्मार्कमध्ये राहते. सातारा, पुणे, मुंबईहून नात्यातले, ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक येतात. कोपनहेगन बघून झालं की मी त्यांना आगगाडीनं रॉस्किल्डला घेऊन जाते. तिथल्या लाल विटांच्या कॅथेड्रलमध्ये शतकानुशतकांचे राजे-राण्या पुरलेले आहेत. मुख्य वेदीच्या मागे एक शवपेटी आहे. तिच्यावर आडवी निजलेली एका बाईची अलाबास्टर दगडाची पांढरी मूर्ती आणि पेटीच्या चारही बाजूंना वीत-वीतभर उंचीच्या आकृत्या. ही मार्गरेटे पहिली. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तिन्ही राज्यं एका छत्राखाली आणणारी बाई. 1397 चा काल्मारचा करार, लढाया, तह मी हौसेनं सांगत असते, लोक माना डोलावतात. मग मी तोतयाचा प्रसंग सांगते आणि सगळे एकदम जागे होतात. प्रश्न ठरलेला असतो. ‘अहो, पण खरं सांगा, तो तिचा मुलगा होता का?’

ज्यांनी विचारलं त्यांना गोष्ट ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मार्गरेटेचा एकुलता एक मुलगा ओलाफ डेन्मार्क आणि नॉर्वेचा राजा होता. 3 ऑगस्ट 1387 ला फाल्स्टरबोच्या किल्ल्यात तो अचानक गेला. वय सोळा. पंधरा वर्षांनी, 1402 मध्ये, प्रशियात एक माणूस उभा राहिला आणि मी ओलाफ आहे म्हणू लागला. त्याला मार्गरेटेपुढे स्वीडनमधल्या काल्मारला आणलं, तोतया ठरवलं आणि सप्टेंबरअखेर फाल्स्टरबो आणि स्कानरच्या मधल्या मैदानात जाळलं.

बस, इतकंच. या एवढ्यावर सहाशे वर्षं लोक तिला विचारताहेत, आणि ती बोलत नाही म्हणून मला.

मला राग प्रश्नाचा येत नाही, प्रश्नाच्या सुराचा येतो. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. सत्तेवर बसलेली बाई म्हटली की ती पोटच्या पोरालाही सोडणार नाही, असं धरूनच विचारलेलं असतं. तिच्या बापानं, वाल्डेमार राजानं, दहा वर्षांची असताना तिचं लग्न नॉर्वेच्या हाकोन राजाशी लावून दिलं, त्याबद्दल कुणी विचारत नाही. 1370 च्या सुमाराला, ओलाफच्या जन्माच्या आगेमागे, ओस्लोच्या आकर्सहुस किल्ल्यातून तिनं नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र आहे. माझ्या माणसांना खायला-प्यायला नाही, व्यापाऱ्याला सांगून उधारीची काही सोय करा, असं त्यात लिहिलंय. राणी, आणि वाण्याकडच्या उधारीसाठी नवऱ्याच्या चिठ्ठीची वाट बघतेय. हे पत्र मी दर वेळी सांगते. त्यावर आजवर कुणीही एकही प्रश्न विचारलेला नाही.

आता कबुली देते. हा सूर आधी मीच लावला होता.

2016 साली सुट्टीत गेले होते तेव्हा पुण्यात एका मंडळाच्या हॉलमध्ये मी भाषण दिलं. विषय मीच दिला होता, ‘मुलाला जाळणारी राणी’. सत्तर-ऐंशी माणसं होती. मी रंगवून सांगितलं. पंधरा वर्षांत तिनं काय काय उभं केलं होतं ते आधी सांगितलं. ओलाफ गेल्यावर आठवड्याच्या आत, 10 ऑगस्टला, लुंडमध्ये सरदारांनी तिला राज्याची कुलमुखत्यार बाईसाहेब आणि घरधनी म्हणून मान्य केलं. अगदी अशाच शब्दांत, कारण बाईला राजा म्हणायचं कसं, याला त्यांच्याकडे शब्दच नव्हता. मग नॉर्वेनं मान्य केलं. मग 1389 मध्ये तिच्या फौजेनं स्वीडनच्या अल्ब्रेख्त राजाला लढाईत कैद केलं. मग बहिणीचा नातू दत्तक घेतल्यासारखा आणला, त्याचं बोगिस्लाव हे नाव बदलून एरिक ठेवलं आणि काल्मारला त्याला मुकुट घातला. आणि मी विचारलं, ‘आता सांगा, ओलाफ जिवंत निघाला असता तर यातलं काय उरलं असतं?’ हॉल चिडीचूप. ‘म्हणून आईनं मुलाला आगीत ढकललं,’ असं म्हणून मी थांबले. टाळ्या झाल्या.

चहाच्या वेळी सत्तरीच्या एक काकू जवळ आल्या. सुती नऊवारी, हातात कागदी कप, चहा तसाच. म्हणाल्या, ‘एक विचारू का? तुम्ही म्हणालात, आईनं जाळलं. म्हणजे ती त्याची आई होती हे तुम्ही आधीच ठरवलंत.’

मी काहीतरी बोलायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं की त्यांचा थोरला नोकरीच्या गावी नदीत गेला. चौथ्या दिवशी सापडला. दीर गेले आणि ओळख पटवून आले. घरी आणलं ते बांधूनच आणलं, तोंड पाहू नका म्हणाले, आणि त्यांनी पाहिलं नाही. ‘मला त्यांच्यावर विश्वास आहे हो. शर्ट त्याचाच होता. पण अजून दाराची कडी वाजली की मी आधी उठते, मग आठवतं.’ हे त्या रडत सांगत नव्हत्या. पत्ता सांगावा तसं सांगत होत्या.

मी गप्प उभी. माझ्या हातात समोश्याची बशी होती, ती ठेवायला जागा सापडत नव्हती, एवढंच मला आठवतंय. निघताना त्या म्हणाल्या, ‘त्याला जाळलं की नाही ते राजकारणातलं, मला कळत नाही. पण तिनं त्याला आणवून घेतलं ना? ते मला कळतं. मीही आणवलं असतं. खोटा आहे माहीत असतं तरी.’

त्या रात्री मी माझी टिपणं पुन्हा काढली, आणि जे मी सोयीनं वगळलं होतं ते दिसायला लागलं.

त्या माणसाला डॅनिश येत नव्हतं. एक शब्दही नाही. भाषणात हे मी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगितलं असतं तर गोष्टच संपली असती. सोळा वर्षांचा मुलगा पंधरा वर्षांत मायबोली इतकी विसरतो? मला एकवीस वर्षं झाली. बाजारात डॅनिश, कामावर डॅनिश, पण बोट कापलं की ‘आई गं’च येतं. त्यानं स्वतःच सांगितलं की तो बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, एगर गावाकडचा. प्रशियात डॅनिश व्यापाऱ्यांना तो ओलाफसारखा दिसला आणि तिथून हे सगळं वाढत गेलं. प्रशिया तेव्हा जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या ताब्यात होता आणि गोटलांड बेटावरून त्या संघाचं मार्गरेटेशी वाकडं होतं. खरा ओलाफ हाती लागला असता तर इतका मोठा मोहरा त्यांनी तिच्या हवाली केला असता? मला नाही वाटत.

पण लगेच माझ्यातली 2016 ची वक्ती उठून उभी राहते. म्हणते, आगीसमोर उभ्या केलेल्या माणसाच्या कबुलीला तू किती वजन देतेस? आणि त्याला भाषा येत नव्हती हे तरी सांगितलं कुणी? त्याला जाळणाऱ्यांच्याच बाजूच्या लोकांनी. यावर माझ्याकडे उत्तर नाही. साताऱ्याची असून मला हे कळायला हवं. रॉस्किल्डला लोक हटकून म्हणतात, ‘म्हणजे आपल्या भाऊसाहेबांच्या तोतयासारखंच की!’ मला मात्र ताराबाई आठवतात. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूला त्यांनी तोतया म्हटलं. पुढे रामराजाला नातू म्हणून गादीवर आणलं, त्याच रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं आणि 1752 मध्ये जेजुरीला खंडोबापुढे शपथ घेतली की हा माझा नातू नव्हे. कोण रक्ताचं आणि कोण नाही, हे एका बाईच्या शब्दावर ठरत होतं, आणि त्या शब्दावर राज्य तोललेलं होतं. म्हणून मार्गरेटेच्या शब्दावर मी डोळे झाकून विश्वास ठेवावा, असं मला स्वतःलाही सांगता येत नाही.

गेल्या सप्टेंबरात मी फाल्स्टरबोला जाऊन आले. तो भाग 1658 पासून स्वीडनचा आहे, कोपनहेगनहून पूल ओलांडून जावं लागतं. किल्ल्याचं काही उरलेलं नाही, गवतानं झाकलेला एक उंचवटा तेवढा आहे. तिन्ही बाजूंनी समुद्र, वारा असा की बोललेलं आपल्यालाच ऐकू येत नाही. मी तिथे तासभर बसले, आणि तोवर नुसतीच वाचलेली एक गोष्ट तिथे डोळ्यांपुढे आली. त्या काळी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत याच किनाऱ्यावर हेरिंग मासळीचा प्रचंड बाजार भरायचा. ल्युबेकहून मिठाची पिंपं यायची, मासळी साफ करून, खारवून, पिंपांत भरून युरोपभर जायची. हजारो माणसं, बहुतेक जर्मन व्यापारी आणि त्यांची माणसं. त्या माणसाला काल्मारलाच मारता आलं असतं. पण त्याला इतक्या लांब आणलं, जिथे ओलाफ गेला त्याच जागी, आणि बाजार ऐन भरात असताना. ज्यांच्या तोंडून अफवा फिरली त्या व्यापाऱ्यांनीच डोळ्यांनी बघावं आणि आपापल्या बंदरांत जाऊन सांगावं म्हणून.

हे हिशेबानं केलेलं आहे. यात मला तिचा बचाव करता येत नाही आणि करायचाही नाही. तो माणूस एगरचा कुणी गरीब असेल तर त्याचं मरण त्यामुळे हलकं होत नाही. तुम्ही सगळे ‘मुलगा होता का’ विचारता. मुलगा नव्हता असं ठरलं तर मग जाळलेलं चालतं का? हा प्रश्न मी उलट विचारला की लोक गोंधळतात, विषय बदलतात. मलाही पूर्वी तो सुचला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते.

आणि तीच बाई 1411 मध्ये, मरणाच्या एक वर्ष आधी, लढायांत अब्रू लुटल्या गेलेल्या बायका-मुलींसाठी पैसे वाटण्याची व्यवस्था करते. त्या लढाया तिच्याच होत्या. याचा त्या आगीशी मेळ कसा घालायचा? मी घालत नाही. दोन्ही शेजारी ठेवते.

ओलाफ सोरोच्या मठात पुरला आहे. मार्गरेटे 28 ऑक्टोबर 1412 ला फ्लेन्सबर्गच्या बंदरात जहाजावर गेली. तिलाही आधी सोरोलाच ठेवलं होतं, मुलाजवळ, बापाजवळ. पुढच्याच वर्षी बिशपनं तिला तिथून उचलून रॉस्किल्डला आणलं. आई आणि मुलगा तेव्हापासून वेगळ्या गावांत आहेत. नॉर्वेच्या भूमीवर ओलाफनंतर जन्मलेला पुढचा राजपुत्र थेट 1937 चा, आताचे हाराल्ड राजे. नॉर्वेवाले तर ओलाफला चौथा ओलाव म्हणून अजून मोजतात, म्हणून हाराल्डचे वडील पाचवे झाले. पण त्या मुलाबद्दल, तो कसा होता, कशानं गेला, हे मला कुणी विचारत नाही. सगळ्यांना खोटा हवा असतो.

त्या काकूंना मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा माफी मागायला. त्या म्हणाल्या, कसली माफी, तुम्ही छान बोलता. दुसऱ्यांदा फाल्स्टरबोहून आल्यावर, तिथला वारा आणि तो उंचवटा सांगायला. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘ती गेली होती का हो तिथे, जाळताना?’ मी सांगितलं की मला माहीत नाही. ‘बरं,’ म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी नाशिकहून चार जण येताहेत. मी त्यांना रॉस्किल्डला नेणार आहे. पेटीपाशी उभी राहून आता मी एवढंच सांगते की त्याला डॅनिश येत नव्हतं, तो एगरचा आहे असं त्यानं सांगितलं, आणि त्याला जाळलं. कुणीतरी विचारणारच, ‘पण खरं काय?’ तेवढ्यात तास भरत आलेला असतो. भिंतीवरच्या जुन्या घड्याळात संत जॉर्जचा घोडा उडी घेतो, ड्रॅगन किंचाळतो, आणि सगळे मोबाइल काढून तिकडे धावतात. मी पेटीपाशीच थांबते.