पाठपुरावा आणि त्याची नोंद

द्राक्षे ताजी विकली तर कर नाही, मात्र तीच शेडमध्ये वाळवून बेदाणा केला की पाच टक्के जीएसटीचा प्रश्न उभा राहतो, हे तासगाव भागातील आम्हा बागायतदारांना कधीच पटले नव्हते. निवेदने गेली, शिष्टमंडळे गेली आणि अखेर २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत, शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर लागत नाही, असे स्पष्ट करण्यात आले. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

आपण केला तर त्याला पाठपुरावा म्हणतो, मोठ्या उद्योगाने केला की लॉबिंग. मला हा भेद मान्य नाही. सरकारपुढे आपली अडचण मांडणे हा दोघांचाही हक्क आहे.

सहकारी साखर कारखान्यांचेच पाहा. उसाला किमान दरापेक्षा जादा दिलेली रक्कम हा खर्च नसून नफ्याचे वाटप आहे, असे धरून प्राप्तिकर खात्याने केलेली आकारणी वर्षानुवर्षे वादात होती. कारखान्यांनी दिल्लीत सातत्याने मागणी लावून धरली आणि २०२३च्या अर्थसंकल्पात, २०१६-१७ या कर निर्धारण वर्षापूर्वीची ही देणी खर्च म्हणून दाखवण्याची मुभा मिळाली. अर्थमंत्र्यांनी हा दिलासा सुमारे १०,००० कोटी रुपयांचा असल्याचे सांगितले. मागणी न्याय्यच होती, कारण तो पैसा आमच्याच गावांतल्या ऊस उत्पादकांच्या हाती पडला होता. परंतु त्याच कारखान्यासाठी बीडहून येऊन फडात राबणाऱ्या तोडणी मजुराला दरवाढ हवी असेल, तर कोयता बंद ठेवावा लागतो, आणि तेवढे दिवस त्याची मजुरीही बुडते. दिल्लीला जाण्याचे भाडे ज्याच्याजवळ आहे त्याचे म्हणणे आधी पोहोचते, हे मला अस्वस्थ करते.

अमेरिकेत १९९५च्या कायद्यानुसार व्यावसायिक लॉबिस्टला नोंदणी करून आपण कोणासाठी काम करतो हे जाहीर करावे लागते. आपल्याकडे असा कायदा नाही. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असे केंद्राचे २०१४चे धोरण सांगते, पण मसुदा तयार होण्याआधी मंत्र्यांच्या दालनात कोण बसून गेले, हे त्यातून कळत नाही. अनुदान, करसवलत किंवा कर्जहमी देणाऱ्या प्रत्येक निर्णयासोबत, त्यासाठी आलेली निवेदने आणि झालेल्या भेटींच्या तारखा सरकारने संकेतस्थळावर ठेवाव्यात, आणि त्यात आमच्या बेदाण्याची निवेदनेही असावीत.