कुकू घड्याळाची थकबाकी

जुन्या नाशकातील वाडा सोडून आम्ही गंगापूर रोडवरील सदनिकेत राहावयास आलो, त्या दिवशी टेम्पोत न चढवता मी मांडीवर घेऊन आणलेली वस्तू एकच होती, आणि ती म्हणजे मोठ्या काकांचे कुकू घड्याळ. सातपूरच्या मायको कारखान्यात नोकरीला असताना काका प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेले होते, तेथून परतताना त्यांनी ते ब्लॅक फॉरेस्ट भागातून आणले होते. नव्या भिंतीवर मी ते टांगले, काटे लावले, पाइनच्या शंकूच्या आकाराची दोन्ही वजने साखळ्यांना अडकवली, लंबकाला हलका धक्का दिला, आणि बरोबर तीन वाजता दार उघडून पक्ष्याने सात वेळा साद घातली.

चार वाजता आठ झाले, पाच वाजता नऊ. आईने दोनच दिवसांत "चार वजा करायचे" असा हिशेब बसवला. पण रात्री नऊ वाजता पक्षी एकदाच ओरडत असे, आणि एकातून चार वजा कसे करावयाचे यावर तिच्याजवळ उत्तर नव्हते. साडेतीन, साडेचार अशा अर्ध्या तासांना मात्र तो नेमाने एकदाच ओरडे. मेन रोडजवळच्या एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मोबाइलवरील चित्रफीत दाखवली, तेव्हा आतील यंत्र काढून सेलवर चालणारे बसवावे लागेल, असे तेथील गृहस्थांनी घड्याळ न पाहताच सांगितले. मला ते पटले नाही, कारण चूक होती, परंतु ती दर तासाला तेवढीच होती. ज्या यंत्रात काही झिजले किंवा अडकले आहे, ते इतक्या शिस्तीने चुकत नाही.

पुढच्या रविवारी घड्याळाची मागची फळी उघडून बसलो. अशा घड्याळात दोन स्वतंत्र चक्रमाला, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या दातेरी चाकांच्या रांगा, असतात. एका वजनावर काटे आणि लंबक चालतात, दुसऱ्यावर पक्षी, दार आणि आवाज करणारे दोन भाते. दोघांचा संबंध एवढाच, की मिनिटकाटा बारावर किंवा सहावर आला की पहिली माला दुसरीची तरफ उचलून तिला मोकळे करते. किती वेळा ओरडायचे, हे काटे सांगत नाहीत. ते एक वेगळे मोजणीचे चाक ठरवते. या चाकाच्या कडेला खाचा असतात आणि त्यांच्यातील अंतर क्रमाने वाढत जाते. तरफेचा हात पुढच्या खाचेत पडेपर्यंत टोले चालू राहतात. एक ते बारा यांची बेरीज ७८ आणि अर्ध्या तासांचे १२, असे ९० टोले झाले की चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. त्या चाकाला घड्याळात किती वाजले आहेत याची काहीही कल्पना नसते. आपण मागच्या वेळी कोठे थांबलो, तेवढेच त्याला ठाऊक असते.

या दोषावरचा उपाय जुनाच आहे. एडवर्ड बार्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने १६७६च्या सुमारास निराळी रचना काढली, जिच्यात तासकाट्याच्या चाकावरच बारा पायऱ्यांची एक चकती बसवलेली असते आणि टोले त्या पायरीवरून ठरतात. आपले घड्याळ कोणत्या जातीचे, हे ओळखणे सोपे आहे. टोले संपल्यावर तरफ हाताने पुन्हा उचलावी: तेवढेच टोले पुन्हा पडले तर पायऱ्यांची चकती आहे, आणि मोजणी पुढे सरकली तर मोजणीचे चाक. पहिल्या जातीत आकडा चुकत असेल तर बहुधा तासकाटाच सरकलेला असतो, तो हलक्या हाताने पडलेल्या टोल्यांच्या आकड्यावर आणून मग वेळ लावली की काम होते. आमच्या घड्याळाची मोजणी पुढे सरकली.

मग चूक कोणाची, हेही लक्षात आले. वाड्यात सकाळी ६.५० वाजता मी लंबक थांबवला होता, आणि नव्या घरी दुपारी काटे फिरवून २.५० वर आणले, तेही वजने लावण्यापूर्वी. वजन नसल्यामुळे वाटेतील सात ते अडीच या वेळांतील एकही टोला पडला नाही. पक्ष्याच्या सोळा हजेऱ्या बुडाल्या, आणि वजन लागताच त्याने आपली राहिलेली सातची हजेरी तीन वाजता दिली.

त्या सोळा हजेऱ्या वसूल करणे, एवढीच दुरुस्ती होती. तासकाटा ओढून जमवता आला असता, पण तो जुना, प्लास्टिकचा आणि नुसता दाबून बसवलेला, म्हणून मी त्याला हात लावला नाही. मिनिटकाटा उलटा फिरवण्याचा मोह तर कोणीच करू नये; त्याने तरफ वाकू शकते. टोल्यांचे वजन आधी पूर्ण वर ओढून घेतले. चार वाजता आठ टोले पडून गेले, आणि मी तरफेची तार एकेकदा उचलू लागलो: एक, मग नऊ, एक, मग दहा. बारानंतर मात्र माझी गफलत झाली, कारण साडेबारा, एक आणि दीड असे लागोपाठ तीन वेळा एकेकच टोला पडतो आणि आपण कोठे आहोत ते कळेनासे होते. दोन पडले तेव्हा जीव भांड्यात पडला. आठ तासांचे ५२ आणि अर्ध्यांचे ८, असे एकूण ६० टोले होईपर्यंत शेजारच्या काकू दारात आल्या होत्या आणि आतून आई म्हणत होती, "घरात नारोशंकराची घंटा बसवलीस की काय?"

फळी उघडी होती तोवर भातेही पाहिले. एकावर उंच स्वराची शिट्टी, दुसऱ्यावर खालच्या स्वराची. म्हणून साद उंचावरून खाली येते. आपल्याकडच्या कोकिळाची साद वर चढत जाते, त्यामुळे लहानपणी हा पक्षी मला नेहमी नाराज वाटत असे. खालच्या स्वराच्या भात्याचा कागद कडेला उसवला आहे, तो पावसाळ्यापूर्वी चिकटवावा लागेल.

साडेचारला एक टोला पडला आणि पाच वाजता पाच. आता काही कारणाने घड्याळ थांबलेच, तर मी आधी वजने लावतो, मिनिटकाटा पुढेच फिरवतो आणि प्रत्येक तासाला व अर्ध्या तासाला पक्षी ओरडून आत जाईपर्यंत थांबतो. आई मात्र अजून अधूनमधून चार वजा करते.